इंग्रजी शब्दांची कुळं: पाचव्या महिन्याची नोंद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वही उघडली, त्याला आता पाच महिने होतील. संक्रांत होऊन आठवडा झालाय आणि वहीत 23 कुळं झालीत, म्हणजे एकाच मुळातून निघालेल्या शब्दांची 23 घरं, शब्द 200 च्या वर. त्याआधी दोन वर्षं मी यादीनं पाठ करत होतो. रोज 40 शब्द, ए पासून सुरुवात. डी च्या पुढे कधी गेलोच नाही, आणि डी ला पोचेपर्यंत ए धुऊन निघालेला असायचा. ज्यांचं अजून तसंच चाललंय त्यांच्यासाठी ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

शेतातली विजेची लाइन सध्या रात्रीची आहे. हरभऱ्याचं ओलित सुरू आहे. स्प्रिंकलरचे पाइप एकदा बदलले की पुढचे अडीच-तीन तास खोपडीत, म्हणजे शेतातल्या झोपडीत, बसून राहायचं. माझा अभ्यास तेव्हाच होतो. बॅटरी, वही, मोबाइलमधला शब्दकोश, आणि बाहेर रानडुकरांसाठी एक कान.

या महिन्यातलं सगळ्यात समृद्ध कुळ म्हणजे 'व्हर्ट'. लॅटिनमध्ये 'व्हर्टेरे' म्हणजे वळणे, वळवणे. कन्व्हर्ट, डायव्हर्ट, रिव्हर्स हे तर आपण रोज बोलतो. 'व्हर्स' म्हणजे कवितेची ओळ, तीही याच घरातली आहे हे मला माहीत नव्हतं. व्युत्पत्ती उघडली तर 'व्हर्सुस' या लॅटिन शब्दाचा अर्थ दिलेला: नांगराचं वळण, तास (नांगराची रेघ), आणि मग लिहिलेली ओळ. बैल धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जातात, तिथं वळतात आणि नवा तास सुरू होतो. तशीच ओळ संपते आणि नजर वळून पुढची ओळ धरते. त्या रात्री पाइप बदलायला अर्धा तास उशीर झाला.

याच्या पुढची गोष्ट आणखी जवळची निघाली. 'व्हर्टेरे' आणि संस्कृतातला 'वृत्' धातू ही एकाच मुळाची दोन अंगं. परिवर्तन, निवृत्त, आवृत्ती, प्रवृत्ती हे सगळं त्या 'वृत्'चं गोत. आणि शाळेत मराठीच्या तासाला लघु-गुरू मोजून जे शिकलो ते 'वृत्त'सुद्धा. म्हणजे इंग्रजाचं 'व्हर्स' आणि आपलं 'वृत्त' चुलत भावंडं! भाषांचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एक असावं असं सांगितलं, हे वाचलेलं होतं. हाताला लागलं ते खोपडीत.

आता कठीण शब्द कसे बसले ते सांगतो. 'ॲव्हर्स' आणि 'ॲडव्हर्स' यांत मी कायम गोंधळायचो. 'ॲ' म्हणजे दूर: मन दूर वळलेलं, नकोसं झालेलं. म्हणून ॲव्हर्स असतो माणूस. कर्ज काढायला ॲव्हर्स, जोखमीला ॲव्हर्स. 'ॲड' म्हणजे कडे: आपल्याकडे तोंड करून उभं ठाकलेलं, विरोधातलं. म्हणून ॲडव्हर्स असते परिस्थिती. हरभरा घाट्यावर असताना गारपीट झाली तर ते ॲडव्हर्स वेदर. 'इनॲडव्हर्टन्ट' तर मराठीतून सरळ उलगडतो: लक्ष तिकडे वळलंच नाही आणि हातून झालं, म्हणजे अनवधानानं. आपण 'लक्ष वळवणे', 'मन वळवणे' म्हणतोच. 'व्हर्सटाइल' म्हणजे कुठंही सहज वळणारा, हरहुन्नरी. या घरातले 14 शब्द तीन रात्रींत बसले आणि तीन आठवड्यांनी विचारले तेव्हा 13 आले. फक्त 'व्हर्टिगो' सुटला, भोवळ.

तासावरून आणखी एक सापडला, कुळ वेगळं आहे पण शेजारी म्हणून त्याच पानावर लिहिला: 'डिलिरियस', तापात बरळणारा, भ्रमलेला. लॅटिन 'लिरा' म्हणजे नांगराच्या रेघेनं उठलेली सरी. 'डी' म्हणजे तिच्यापासून सुटलेला. हे मी बाबांना सांगितलं. ते तुरीच्या पेंढ्या बांधत होते. म्हणाले, "मंग बराबर हाये ना बाबू. बैलानं तास सोडला का त्याचं डोकं ठिकाणावर नाही, हे आपल्याले पयलेच समजते." 'डिलिरियस'ची उजळणी मला आता करावी लागत नाही.

दुसरं कुळ 'पेड', म्हणजे पाय. आपलं 'पद', 'पाद' याच मुळाचं. 'इम्पीड' म्हणजे पाय अडकवणे, अडथळा आणणे. याला मराठीत इतका नेमका शब्द तयार आहे की वेगळं पाठांतर लागलं नाही: पायबंद! आणि 'एक्स्पिडाइट' म्हणजे तोच पायबंद सोडणे, कामाला गती देणे. तहसीलच्या अर्जात 'काइंडली एक्स्पिडाइट' लिहिताना आता अडकलेला पाय मोकळा होताना दिसतो. 'पेडेस्ट्रियन'चा दुसरा अर्थही लिहून ठेवा: पायी चालल्यासारखं सपक, चमक नसलेलं लिखाण.

इथं एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. 'पीडियाट्रिक' मी याच पानावर लिहिला आणि दहावीतल्या पुतणीलाही पायांशी जोडून समजावला. तीन आठवड्यांनी व्युत्पत्ती पाहिली तर तो ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल, यावरून आलेला. 'पेडॅगॉजी'ही तिकडचाच. पुतणीला परत बसवून नीट सांगितलं आणि पानावर लाल रेघ मारली. तेव्हापासून नियम केलाय: कानाला सारखा वाटला म्हणून शब्द कुळात घ्यायचा नाही, व्युत्पत्ती बघूनच घ्यायचा. संस्कृतशी जुळवताना तर दुप्पट जपा. 'डीइटी' आणि 'देव' खरंच नात्यातले आहेत, पण 'थिऑलॉजी'मधला 'थिऑस' त्यांचा कुणी लागत नाही.

'क्रेड'चं कुळ लहान, पण सुंदर. लॅटिन 'क्रेडेरे' आणि आपली 'श्रद्धा' एकाच मुळाच्या. पीककर्जाचं क्रेडिट म्हणजे मुळात विश्वासच. 'इन्क्रेडिबल' गोष्ट असते, विश्वास न बसण्यासारखी. 'इन्क्रेड्युलस' माणूस असतो, विश्वास न ठेवणारा. 'क्रेड्युलस' म्हणजे सांगेल त्यावर विश्वास टाकणारा, भाबडा.

उच्चाराचं मात्र मागे पडलंय. कुळात शब्दाचं रूप बदललं की जोर सरकतो: 'क्रेड्युलस'मध्ये जोर 'क्रे'वर, 'क्रेड्युलिटी'मध्ये तो 'ड्यू'वर येतो. 'कन्व्हर्ट' क्रियापद असेल तर जोर शेवटी, धर्मांतर केलेला माणूस म्हणून नाम असेल तर सुरुवातीला. मराठीत असा जोर अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो लवकर कळत नाही. या महिन्यापासून प्रत्येक शब्द मोबाइलवर तीनदा ऐकून, जोराच्या अक्षराखाली रेघ मारतोय.

पद्धत पहिल्यापासून तीच आहे. एका पानावर एक कुळ, मधोमध मूळ, प्रत्येक शब्दाचं आपल्या शिवारातलं एक वाक्य. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी, पान झाकून. परवा सगळ्या वहीची परीक्षा घेतली: 211 पैकी 164 आले. चुकलेल्यांपैकी बहुतेक शब्द असे होते ज्यांचं वाक्य मी स्वतः न करता शब्दकोशातून उतरवलं होतं. ती वाक्यं खोडून नवी करायला घेतलीत.

आज रात्री 'स्पेक' उघडतोय, पाहणे. 'इन्स्पेक्ट', 'सर्कमस्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहून वागणारा, 'कॉन्स्पिक्युअस' म्हणजे लगेच नजरेत भरणारा. 'ऑस्पिशस', शुभ, हा तर आधीच पाहून ठेवला: 'एव्हिस' म्हणजे पक्षी आणि पुढे हेच 'स्पेक', रोमन लोक पक्षी पाहून कौल घ्यायचे. आणि आपला 'शकुन'? संस्कृतात त्याचा एक अर्थ पक्षीच. लाइन 12 ला येईल, त्याआधी पान आखून ठेवतो.