हवेतले परागकण मोजताना: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पुण्यात हवेतल्या परागकणांवर काम केलं. व्हॅसलिन लावलेली काचपट्टी गच्चीवर उघडी ठेवायची ही जुनी पद्धत मला माहीत होती. पण तिच्यावर जड कण जास्त बसतात, हलके वाऱ्याबरोबर निघून जातात आणि ते किती हवेतून आले याचा पत्ताच लागत नाही. म्हणून आम्ही बर्कार्ड कंपनीचा सापळा, म्हणजे हवा ओढून तिच्यातले कण चिकट फितीवर पकडणारं यंत्र, घेतला. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हर्स्ट या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मांडलेल्या यंत्रावर तो बेतलेला आहे.

पंप मिनिटाला १० लिटर हवा ओढतो. हवा आत येण्याची १४ बाय २ मिलिमीटरची फट यंत्राच्या वातकुक्कुटासारख्या शेपटामुळे सतत वाऱ्याकडे तोंड करून राहते. आत चिकट फीत गुंडाळलेला ड्रम तासाला २ मिलिमीटर सरकतो. दिवसाची फीत भरते ४८ मिलिमीटर, आणि कोणत्या वेळी कण वाढले तेही तिच्यावर कळतं.

फीत कापून काचपट्टीवर ठेवायची, फुक्सिन हा गुलाबी रंग घातलेली ग्लिसरीन जेली कोमट करून तिच्यावर सोडायची आणि कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) तिरकी टेकवत हळूच खाली आणायची. घाई केली की बुडबुडे अडकतात. थोड्या वेळाने कण गुलाबी दिसू लागतात. गवताचा कण गोल, गुळगुळीत, त्याला एकच छिद्र. गाजरगवताचा लहान आणि काटेरी. हे दोन एकदा डोळ्यांत बसले की काम भराभर पुढे सरकतं.

खरी मेहनत मात्र हवेच्या प्रवाहावर घ्यावी लागते. दिवसाला १४.४ घनमीटर हवा गेली असं धरून आपण कणांच्या संख्येला तिने भागतो. फितीवर १००० कण असतील, तर घनमीटरला साधारण ६९. पण पंप मंदावून ८ लिटरवर आला असेल, तर हवा ११.५२ घनमीटरच गेली, आणि तेच कण ८७ होतात! दम्याच्या रुग्णाला याच आकड्यावर सल्ला दिला जातो, तेव्हा हा फरक मला अजिबात किरकोळ वाटत नाही. त्यात प्रवाह मोजणाऱ्या साध्या फ्लोमीटरचाही स्वतःचा अडथळा असतो. तो लावून १० लिटर जुळवले, की काढल्यावर प्रत्यक्षात त्याहून जास्त हवा जाते. कमी अडथळ्याचं मापक मिळालं तर आधी तेच घ्यावं.

मी दर आठवड्याला ड्रम बदलण्याआधी आणि बदलल्यावर प्रवाह नोंदवत असे. ते दोन्ही आकडे प्रबंधात कणांच्या तक्त्याशेजारीच छापले आहेत.