साताऱ्याची साखळी आणि व्हर्जिनियाचे मळे : आमची वाटचाल

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले तंबाखूचे जुने मळे आम्ही साताऱ्यात बसून मोजतो. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या खरेदीखतात नुसत्या दिशा, अंतरं आणि हद्दीवरची झाडं दिलेली असतात. त्यावरून नकाशा उभा करायचा, तो आजच्या टोपोशीटवर, म्हणजे सरकारी भूनकाशावर, बसवायचा आणि ती जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे कराच्या याद्यांतून काढायचं. गिऱ्हाइकाला वसाहतकाळातला आपला मळेवाला पूर्वज हवा असतो. आम्ही त्याला पूर्वजाची जमीन शोधून देतो, आणि जमिनीच्या मागून माणूस येतोच. या कामात आमचा हात धरणारं दुसरं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

सुरुवात पूर्वजांपासून झाली नव्हती. २००४ मध्ये आम्ही टायटल सर्चचं, म्हणजे मालकी तपासण्याचं, काम घेतलं. तिकडे घर विकलं किंवा त्यावर नवं कर्ज काढलं की आधीच्या मालकांचा सर्च लागतो, आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च देतात तसाच. त्यांच्या संध्याकाळी निघालेले कागद आमच्याकडे सकाळी यायचे आणि त्यांचं ऑफिस उघडायच्या आत आम्ही गोषवारा पाठवायचो. मी कॉम्प्युटर सांभाळायचो. जमिनीचं डोकं होतं काकांचं. काका म्हणजे वडिलांचे मित्र, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार आणि आमचे पहिले भागीदार. टिपण, फाळणी, गुणाकार बुक ही मोजणीची दप्तरं त्यांना तोंडपाठ. मोजणीचा फलक आणि आलिदाद, म्हणजे रोख धरायची पट्टी, घेऊन उभा जिल्हा पालथा घातलेला माणूस. मोडी वाचत असल्यामुळे जुन्या वळणाच्या इंग्रजी अक्षराचीही त्यांना भीती वाटली नाही.

ऑफिसच्या भिंतीवर काकांनी मोजणीची जुनी साखळी टांगली होती. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली, ३३ फुटांची, सोळा आण्यांची. साखळी लांब आणि साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतं. व्हर्जिनियाचं पहिलं जुनं खत आलं तेव्हा त्यात सगळी अंतरं ‘पोल’मध्ये होती. काकांनी विचारलं, “पोल म्हणजे किती रे?” मी पाहून सांगितलं, साडेसोळा फूट. काकांनी भिंतीकडे बोट केलं. “मग दोन पोल म्हणजे ही.” आणि ते खरंच आहे. गुंटरची, म्हणजे इंग्रजांची प्रमाण साखळी ६६ फुटांची, पण वसाहतकाळातले तिकडचे मोजणीदार झाडीत, चढउतारावर तिची अर्धी, ३३ फुटांची दोन-पोली साखळी ओढायचे. चार चौरस पोल म्हणजे आपला गुंठा, १६० चौरस पोल म्हणजे एकर. त्यानंतर काकांनी पोलाचे फूट कधी केले नाहीत. खत वाचता वाचता ते साखळ्या आणि गुंठे मनात मांडत जायचे, आणि चतुःसीमा कुठे मिळत नाही हे प्लॉटिंगच्या सॉफ्टवेअरच्या आधी सांगायचे.

मग २००८ आलं. कर्जाची कामं २००७ पासूनच आटत होती, पण आमच्याकडचं पुष्कळसं काम एकाच कंपनीचं होतं आणि ती ‘थोडं थांबा’ म्हणत राहिली. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्या त्या गिऱ्हाईक कंपनीचे मेल परत यायला लागले. फोन उचलायला कोणी नाही. कित्येक महिन्यांची बिलं थकलेली होती, ती आजपर्यंत मिळालेली नाहीत. त्या कंपनीचे मालक पुढे दुसऱ्या नावाने त्याच धंद्यात उतरले हे मला पक्कं ठाऊक आहे. आमचे पैसे मात्र बुडीत खात्यात. त्यांच्या शब्दावर मी इथे मुलं कामाला ठेवली होती, त्यांच्या घरी मला तोंड दाखवायचं होतं, याचा विचार तिकडे कोणी केला नाही.

इथे तरी आधार मिळावा? ज्या पतसंस्थेत आमची उलाढाल होती तिथे मॅनेजरने तारण विचारलं. मी म्हटलं, आमचं तारण म्हणजे आमचं काम. ते हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही. बायकोचे दागिने गहाण पडले, पोवई नाक्याजवळची जागा सोडून घराच्या माडीवर टेबलं आणली. काकांनी त्या काळात भागीदारीतला एक पैसा उचलला नाही आणि येणंही चुकवलं नाही. दहाच्या ठोक्याला हजर. काम नसेल तेव्हा जुनी खतं काढून पुन्हा मांडायचे.

धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे : अर्ध्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचं असेल तर तुम्ही धंदा करत नाही, पगार नसलेली नोकरी करता. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय फाईल उघडू नका. समोरचा कितीही गोड बोलला तरी.

आम्हाला वर काढलं ते केंटकीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने. त्यांच्या शेताच्या कागदांत आमचा नकाशा होता आणि त्याच्या कोपऱ्यात काकांची सही आणि आमचा पत्ता. मोजणीदाराने केलेल्या कामाखाली सही करायची ही काकांच्या खात्याची शिस्त, ती त्यांनी इथेही सोडली नव्हती. बाईंनी लिहिलं, इतका स्वच्छ नकाशा करणारे लोक माझ्या पूर्वजाची जमीन शोधून देतील का? घराण्यात समज असा की पूर्वज व्हर्जिनियाच्या बकिंगहॅम काउंटीतला मोठा मळेवाला. अडचण अशी की त्या काउंटीचं कोर्टहाऊस १८६९ मध्ये जळलं आणि खतांची, मृत्युपत्रांची दप्तरं जवळजवळ सगळी गेली. शिवाय त्या नावाचे दोन इसम एकाच काळात, एकाच काउंटीत. बाईंनी आधी दोघा-तिघांना पैसे दिले होते, सगळ्यांनी ‘रेकॉर्ड नष्ट’ म्हणून हात झटकले होते.

काका म्हणाले, “खत जळलं असेल, सारा कसा जळेल? साऱ्याची एक प्रत वर जातेच.” आणि तसंच होतं. व्हर्जिनियाने १७८२ पासून दरवर्षी जमिनीवर आणि जंगम मालमत्तेवर कर बसवला. त्या याद्यांची एक प्रत राजधानीत ऑडिटरकडे जायची, ती शाबूत राहिली आणि आज रिचमंडला राज्याच्या ग्रंथालयात आहे. त्याआधीची राजाकडून मिळालेली जमीन पेटंटच्या, म्हणजे जमिनीच्या सनदांच्या, वह्यांत सापडते. त्या वह्या राजधानीच्या, त्याही शाबूत. बकिंगहॅम १७६१ मध्ये अल्बेमार्लमधून फुटली, अल्बेमार्ल १७४४ मध्ये गूचलंडमधून, गूचलंड १७२८ मध्ये हेन्रायकोतून. म्हणजे जळालेल्या काउंटीची जुनी जमीन तिच्या आई-आजीच्या दप्तरात शोधायची. तालुका फुटला की जुने फेरफार मूळ तालुक्यात बघतो, तेच हे काम.

आम्ही स्लेट नदी आणि विलिस नदीच्या काठची पेटंटं घेतली आणि एकेक मांडत गेलो. ‘लाल ओकपासून उत्तर ४० पूर्व १२० पोल’ अशा ओळी, म्हणजे उत्तरेकडून पूर्वेला ४० अंश वळून १२० पोल. चुंबकीय उत्तर तेव्हापासून सरकली आहे, तेवढा कोन सगळ्या नकाशाला द्यावा लागतो. एकाची रेघ शेजाऱ्याच्या रेघेला टेकली की दोघांची जागा पक्की होते. काका ट्रेसिंग पेपरवर हातानेच काढायचे. मी आजही नव्या मुलाला पहिले काही महिने सॉफ्टवेअरला हात लावू देत नाही. हाताने चतुःसीमा मिळवल्याशिवाय नकाशा कुठे खोटं बोलतो ते कळत नाही.

मग कराच्या याद्या. दोन्ही नावं एकाखाली एक, पण एकाची जमीन ४०० एकर आणि दुसऱ्याची बरीच मोठी. वर्षामागून वर्ष एकराचा आकडा धरून चाललं की माणसं वेगळी होतात. नाव सारखं असतं, रकबा सारखा नसतो. १७८७ च्या याद्यांत तर कर अधिकारी कोणत्या तारखेला दारात आला तेही लिहिलेलं असतं. नावं आद्याक्षरांप्रमाणे लावली असली तरी एका तारखेची नावं एकत्र काढा, शेजार उभा राहतो. आमच्या ४०० एकरवाल्याच्या तारखेला जे होते ते सगळे स्लेट नदीच्या पेटंटांचे वारस निघाले. पुढे ४०० एकराच्या जागी १३३ चे तीन हिस्से दिसायला लागले. हा आकडा बोलका आहे. १७८७ च्या आधी मृत्युपत्र न करता बाप गेला तर सगळी जमीन थोरल्याची, आणि त्यासाठी खतही होत नसे. पुढच्या काळात सगळ्या मुलांना सारखा वाटा. कधी न घेतलेली जमीन कोणी विकताना दिसला की तो वारस आहे हे ओळखावं. समान तिघांत फुटली तर तिन्ही भावंडं.

तिघांतला एक काही वर्षांनी यादीतून नाहीसा झाला. तंबाखूने जमीन चोपून काढलेली, केंटकी १७९२ मध्ये स्वतंत्र राज्य झालेलं, धाकटे मुलगे तिकडे निघालेले. केंटकीच्या एका काउंटीच्या खतवहीत आम्हाला त्याचं कुलमुखत्यारपत्र मिळालं : आई वारली, तिला विधवा म्हणून हयातीपुरत्या मिळालेल्या एकतृतीयांशातला माझा वाटा बकिंगहॅममध्ये विकावा. त्यात वडिलांचं नाव, नदीचं नाव, भावांची नावं. बाईंचा पूर्वज हाच. मोठ्या मळ्याचा तो दुसरा, त्याचा यांच्याशी संबंध नाही.

बाईंना आम्ही लपवाछपवी न करता लिहिलं की तुमचे पूर्वज हवेलीवाले नव्हते. तिकडच्या खतात ‘प्लँटर’ हा शब्द शंभर एकरात तंबाखू लावणाऱ्यालाही लावलेला असतो. आणि त्यांच्या ४०० एकरांवर गुलाम राबत होते, त्यांची संख्या जंगम कराच्या रकान्यात घोडे आणि गुरांच्या शेजारी लिहिलेली आहे, तीही आम्ही उतरवून दिली. बाईंनी तोही तक्ता घराण्याच्या पुस्तकात जसाच्या तसा घातला. त्यानंतर त्यांच्या ओळखीने जी कामं आली, त्यांवर आमचं ऑफिस पुन्हा उभं राहिलं. दागिने सुटले.

पुढची काही वर्षं काम बरं चाललं.

मग आमच्याकडे शिकलेल्या एकाने मोठ्या शहरात आपली कंपनी काढली. शिकून बाहेर पडावं, त्याबद्दल राग नाही. पण त्याने आमच्या ड्राइव्हवरचे नदीकाठचे जोडनकाशे नेले. काकांनी आणि आम्ही एकेक पेटंट जोडून तयार केलेले. त्यांच्या जाहिरातीत आठवड्यात वंशावळ, सोबत रंगीत कुलचिन्ह. नाव जुळलं की जोडून मोकळं. त्यांनी मोठ्या मळेवाल्याच्या वंशावळीत किती छोट्या शेतकऱ्यांचे वंशज कोंबले असतील! त्यांचा दर आमच्या निम्मा, आमची जुनी गिऱ्हाइकंही तिकडे गेली. बाईंनीच मला त्यांचा एक नकाशा पाठवला. सही खोडलेली होती, पण हद्दीवरच्या ओकाची जी खूण काका काढायचे ती तशीच होती. दुसऱ्या कोणत्याही मोजणीदाराची ती खूण नाही. वकिलाची नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. काका तेव्हा आजारी होते. नकाशा बघून म्हणाले, “रेघा नेल्या, मोजणी नेता येत नाही.” काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या वाट्याचा नफा आजही काकूंकडे जातो.

जाता जाता कामाच्या चार गोष्टी, कारण त्या कोणी सांगत नाही. १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीचं खत दिसेल त्या सालाचं नसतं. लागोपाठच्या दोन दिवसांची दोन खतं, पहिलं भाडेपट्ट्याचं आणि दुसरं सोडपत्राचं, दिसली तर ती एकच विक्री समजा. १८०८ ची जंगम कराची यादी शोधत बसू नका, त्या वर्षी ती झालीच नाही. १७०४ च्या फाळ्याच्या यादीत नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं धरू नका. नॉर्दर्न नेक हा व्हर्जिनियातला खासगी मालकीचा भाग, त्याची नोंद त्या यादीत येत नाही.

अलीकडे आमच्याकडे निराळी कामं येऊ लागली आहेत आणि ती मी आधी हातात घेतो. ज्यांचे पूर्वज त्या मळ्यांवर गुलाम होते, अशी घराणी. १७८२ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुष्कळ काउंट्यांच्या जंगम कराच्या यादीत गुलामांची नावंही आहेत, नुसती पहिली नावं, मालकाच्या नावापुढे. मालकाची जमीन कुठे होती, ती कोणाकडे गेली, वाटणीत कोण कोणाच्या वाट्याला गेलं, हे पकडत पकडत ती नावं पुढे न्यावी लागतात. दर त्यांच्यासाठी कमी ठेवला आहे. बाई आता नव्वदीच्या पुढे आहेत, यातल्या एका घराण्याचं काम त्यांनीच पाठवलं, कारण ती माणसं त्यांच्या पूर्वजाच्या शेजारच्या मळ्यावरची. त्यासाठी विलिस नदीच्या वरच्या अंगाचा जोडनकाशा नव्याने मांडतो आहोत. दोन पेटंटांच्या मध्ये एक पट्टी रिकामी राहते, साधारण अठरा एकरांची. तिचा मालक कोण ते १७८२ च्या यादीत अजून लागलेलं नाही. पुढच्या आठवड्यात १७८३ ची यादी घेतो आहोत.