४६ पॉइंट्स

भाचा काल नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार रेसिंगच्या, हॉल ऑफ फेममध्ये सहज म्हणाला, "मामा, हा मार्क मार्टिन एकदाही चॅम्पियन झाला नाही? मग याला इथे का घेतलंय?" आणि पुढच्या मिनिटाला सिम्युलेटरच्या लायनीत जाऊन उभा पण राहिला. मी तिथेच. उत्तरं नव्हती असं नाही, नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या कप सिरीजमध्ये ४० रेस जिंकल्यात त्याने, २०१७ मध्ये रीतसर आत घेतलाय, पण एकही तोंडातून बाहेर पडलं नाही. आणि रात्री झोप नाही. एवढं का लागावं मला, तो माझा कोण लागतो.

वर्षभराच्या पॉइंट्समध्ये पाच वेळा दुसरा. १९९०, १९९४, १९९८, २००२, २००९. त्यातलं १९९० काही केल्या माझी पाठ सोडत नाही. फेब्रुवारीत रिचमंडची रेस जिंकला आणि नंतरच्या तपासणीत कार्ब्युरेटरखालचा स्पेसर, म्हणजे त्याला उंची देणारा तुकडा, नियमापेक्षा अर्धा इंच जाड निघाला. तोच तुकडा खालच्या मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला) वेल्ड केलेला असता तर चाललं असतं, बोल्टने बसवला होता म्हणून नाही चाललं. उंची तीच, गाडी तीच, पळाली असती तेवढीच. ४०,००० डॉलर दंड, ४६ पॉइंट्स कट. रेस मात्र त्याच्याच नावावर ठेवली. आणि नोव्हेंबरमध्ये वर्षाचा हिशोब झाला तेव्हा डेल अर्नहार्ट २६ पॉइंट्सनी पुढे, चॅम्पियन तोच.

४६ मधून २६ गेले, २०. वीस पॉइंट्सनी चॅम्पियन असता. रात्रभर हीच वजाबाकी.

माझंही काम वाईट आहे असं कधी कुणी म्हटलं नाही. फक्त लिस्ट लागते तेव्हा नाव खाली असतं आणि कारण विचारलं की असंच काहीतरी कागदावरचं सांगतात, वेल्ड आणि बोल्टसारखं. यावर्षी पण तेच. जाऊ दे, घरात सगळ्यांना माहितीये.

डेटोना ५००, नॅस्कारची सगळ्यात मोठी रेस, ती पण नाही मिळाली मार्टिनला कधी. २००७ ला शेवटच्या लॅपला हा पुढे, वय ४८, मागे गाड्या एकमेकींवर आदळतायत, पिवळा दिवा लागला असता तर नंबर तिथेच गोठले असते, पण लागला नाही आणि केविन हार्विक बाहेरच्या बाजूने येऊन ०.०२ सेकंदाने घेऊन गेला. दिवा लागायलाच हवा होता असं मला आजही वाटतं आणि याबाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

१९९८ चं वेगळंच. सात रेस जिंकला, सगळ्यात भारी वर्ष, आणि नेमका त्याच वर्षी जेफ गॉर्डन तेरा जिंकला. ऑगस्टमध्ये वडील विमान अपघातात गेले, आणि त्याच महिन्यात ब्रिस्टलला हा जिंकला. आर्कान्सामध्ये लहानपणी मांडीवर घेऊन स्टिअरिंग हातात दिलं ते वडिलांनीच. बाबांबद्दल आज नको लिहायला.

पण २००७ चं अजून एक आहे, मी ते नेहमी विसरतो आणि डेटोनाच धरून बसतो. त्या वर्षी त्याने आधीच ठरवलं होतं की सगळ्या रेस चालवायच्या नाहीत. पहिल्या चार रेसनंतर पॉइंट्समध्ये चक्क पहिला होता आणि तरी ठरल्याप्रमाणे ब्रिस्टलला गाडीत बसलाच नाही. ज्या पॉइंट्ससाठी मी इथे जागा राहतो ते हा माणूस टेबलावर ठेवून घरी गेला. मग मी कुणासाठी भांडतोय एवढा? आणि सोडून दिलं म्हणावं तर तसंही नाही, २००९ ला पन्नाशीत पूर्ण सीझन खेळला, पाच रेस जिंकला, परत दुसरा, यावेळी जिमी जॉन्सनच्या मागे.

२०१३ ला टोनी स्टुअर्टचा पाय मोडला तेव्हा त्याची १४ नंबरची गाडी चालवायला आला कोण, तर ५४ वर्षांचा मार्टिन. २००२ चं टायटल ३८ पॉइंट्सनी नेलं होतं ते याच स्टुअर्टने. होमस्टेडची त्याची शेवटची रेस पण त्याच गाडीत.

व्हायलाच हवा होता तो चॅम्पियन, १९९० ला तर नक्कीच. पण आता हे लिहिताना मघासारखं छातीत दाटून येत नाहीये. लिस्टबद्दलचा तो लांबलचक मेल ड्राफ्टमध्ये पडलाय, तो नाही पाठवत. दोन ओळींचा साधा लिहीन, आणि सोमवारचं काम आज रात्रीच थोडं पुढे नेऊन ठेवतो.