वरवंट्याखालचे ऑलिव्ह

शनिवारी दुपारी मागच्या अंगणात पाट टाकून बसले आणि तीन किलो हिरवे ऑलिव्ह वरवंट्याने ठेचले. चिपळूणहून निघताना आईने बळेच बॅगेत घातलेला हा वरवंटा. ॲडलेडमध्ये दर एप्रिलला तो बाहेर निघतो.

झाड घराबरोबरच आलं, कुंपणाला लागून. पहिल्या वर्षी एक फळ आवळ्यासारखं चावलं. कडूजहर! मग दोन वर्षं सगळी फळं पक्ष्यांनी नेली. इथल्या टेकड्यांवर ऑलिव्ह रानासारखं माजतं, सरकारने ते तण म्हणून जाहीर केलंय, आणि बिया पसरवतात ते हेच पक्षी. हे कळल्यापासून झाडावर फळ सोडायला मन घेत नाही.

ठेचायला शिकवलं शेजारच्या ग्रीक आजींनी. त्यांची नातवंडं त्यांना ‘याया’ म्हणतात, म्हणून आम्हीही. ऑलिव्ह काळे होण्याची वाट बघायची नाही. गडद हिरवा रंग जरा पिवळटला की उतरवायचे. घाव असा हवा की साल फुटेल पण बी फुटणार नाही. नीट बसला तर ‘टच्’ असा ओला आवाज येतो, फटीतून पांढुरका रस निघतो आणि बघता बघता गर तपकिरी पडतो. बोटं आठवडाभर काळी राहतात. ह्या ठेचलेल्यांना याया ‘त्साकिस्तेस’ म्हणतात.

मग बादलीत पाणी, वर ताट दडपून, म्हणजे एकही फळ वर तरंगत नाही. कडूपणा फळातल्या ओलियुरोपिन नावाच्या द्रव्याचा. फळ फुटलेलं असलं की तो पाण्यात उतरतो. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, आठ-दहा दिवस. एका वर्षी मी पाचव्या दिवशीच मिठात घातले. बरणीभर ऑलिव्ह घशाखाली उतरेनात. आता रोज एक चाखते आणि जीभ सांगेल तेव्हाच थांबते.

खाराला लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ. याया वजन करत नाहीत, कच्चं अंडं सोडतात: नाण्याएवढा भाग वर आला की मीठ बरोबर. खारात याया लिंबाच्या फोडी, लसूण आणि ओरेगानो घालतात, वर तेलाचा थर. बरणी फ्रीजमध्ये. मी एक बरणी त्यांच्यासारखी करते. दुसऱ्या बरणीतले काढते तसे निथळून त्यांवर मोहरी, हिंग, लाल मिरचीची फोडणी ओतते. दहीभाताबरोबर ते आमच्याकडच्या खारातल्या कैरीच्या इतके जवळ जातात की पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मी आईला लगेच फोन लावला होता.

यायांचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. त्यांच्या झाडाचेही ऑलिव्ह मीच उतरवले, म्हणून यंदा दोन बादल्या आहेत. आज तिसरा दिवस, पाणी अजून कोऱ्या चहासारखं निघतंय.