फादर कोणाला मत द्यायला सांगतात?

निवडणूक जवळ आली की विरार लोकलमध्ये हा प्रश्न ठरलेला. "तुमचं बरंय, फादर सांगतील त्याला सगळे डोळे मिटून देतात ना?" ऑफिसात विचारतात, लग्नात पंगतीला विचारतात, एकदा तर सलूनमध्ये गळ्यावर वस्तरा असताना विचारलं. मी वसईचा कॅथलिक. त्यामुळे आमची मतं चर्चच्या कपाटात गठ्ठा बांधून ठेवलेली असतात, असा लोकांचा समज.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमच्या घरात मतं चार, आणि 2024 च्या लोकसभेला ती तीन चिन्हांवर गेली. आई कोणाला देते ते बाबांना चाळीस वर्षांत कळलेलं नाही. पालघरचं मतदान 20 मेला, सोमवारी होतं आणि आदल्या दिवशी पेंटेकॉस्टचा सण. त्या दिवसाचं वाचन असं, की यरुशलेमात देशोदेशीचे लोक जमलेत, येशूचे शिष्य बोलतायत आणि प्रत्येकाला ते आपापल्या भाषेत ऐकू येतंय. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपताना सूचना झाल्या: उद्या मतदानाला जा, ओळखपत्र न्या, पैसे घेऊन मत विकू नका. लगेच पुढची सूचना मुलांच्या शिबिराची. एवढंच. पण बाहेर स्कूटर काढताना दोन वेगळ्या पक्षांची माणसं सारख्याच समाधानानं सांगत होती, फादर आपल्याच बाजूचे!

गठ्ठा कधी पडलाच नाही असं मात्र नाही. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, गावं तिच्यात ओढली गेली आणि आमचा बागायती पट्टा पेटला. ख्रिस्ती, सामवेदी ब्राह्मण, आगरी, भंडारी सगळेच. त्या वर्षी विधानसभेला गावांची बाजू घेणारे विवेक पंडित अपक्ष निवडून आले. त्या मतांत धर्म कमी आणि विहिरी-बावखलं (आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी) जास्त होती. पाच वर्षांनी जागा पुन्हा जुने आमदार हितेंद्र ठाकुर यांच्याकडे गेली. गावं वाचवा म्हणून ओरडलेल्या काही घरांनी पुढे वाड्या बिल्डरला दिल्या. त्यांत आमचेही नातलग आहेत, तेव्हा जास्त बोलत नाही.

2024 च्या विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबरला, शनिवारी लागला. रात्री उशिरापर्यंत फटाके. रविवारी सकाळी नेमका ख्रिस्तराजाचा सण. हा काही फार जुना सण नव्हे. पोप अकरावे पायस यांनी तो 1925 मध्ये सुरू केला, इटलीत मुसोलिनी सत्तेवर असताना. शुभवर्तमान होतं पिलाताच्या वाड्यातलं. समोर येशू कैदी म्हणून उभा आहे आणि सुभेदार विचारतोय, तू यहूद्यांचा राजा आहेस काय? कैदी म्हणतो, "माझे राज्य ह्या जगाचे नाही." आमच्यातले कित्येक जण राजकारणापासून अंग चोरायला हेच वाक्य पुढे करतात. मला ते कधी पटलं नाही. ज्याच्या राज्याचा कुणाला उपद्रवच नाही, त्याला पिलात क्रुसावर कशाला चढवेल? उलट नाताळला बॅनरवर हात जोडणारे पुढारी गावच्या सणाला येतात तेव्हा पहिला बाक त्यांच्यासाठी रिकामा करणारे आपणच असतो.

पण मताचं काम पाच वर्षांतून एकदा. चर्च माझ्या मागे लागतं ते भलत्याच ठिकाणी.

2023 च्या सप्टेंबरात वाडीतलं गवत काढायला नाक्यावरून दोन बायका आणल्या होत्या. रोज 500 ठरला. अकराच्या सुमाराला पाऊस कोसळला, थांबायचं नाव घेईना. मी अर्धी हजेरी धरून दोघींच्या हातावर 250-250 ठेवले. हिशोब चोख. त्या काही बोलल्या नाहीत, खताची रिकामी गोणी डोक्यावर घेऊन पावसातच निघाल्या. त्याच रविवारी फादरांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला वाचला. त्यातला मालक दिवसात पाच वेळा नाक्यावर जातो. संध्याकाळी उभे असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. आणि तासभर राबलेल्यालाही तो अख्खा रोज देतो! मी बँकेत काम करतो. असला व्यवहार माझ्या टेबलावर आला असता तर मी पास केला नसता.

बरं, हे नुसतं दाखल्यापुरतं म्हणावं तर तेही नाही. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्येच कामगारांविषयीच्या पत्रात बजावलं होतं, की दोघांनी राजीखुशीनं ठरवली एवढ्यानं मजुरी न्याय्य होत नाही, तिच्यात मजुराचं भागलं पाहिजे. 2025 च्या मेमध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं आणि कारण सांगताना त्या पत्राची आठवण काढली. म्हणजे यातून सुटका नाही.

सोमवारी सकाळी 500 ची नोट खिशात घालून नाक्यावर गेलो. दोघींतली एक भेटली. तिच्या हातात नोट दिली, म्हटलं, त्या दिवसाचे, दोघींचे. तिने नोट पदराला बांधली, खुरपं उचललं आणि विचारलं, "मग उरलेलं गवत आजच काढू?"

मी हो म्हणालो. त्या दिवसाची हजेरी वेगळी दिली का, ते मात्र विचारू नका.