कौलांवरून ऐकलेलं मालगुडी

मालिका सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी दादा कौलांवर चढायचा. आमचा अँटेना बांबूला बांधलेला, आणि रत्नागिरीचा वारा त्याला कधी एका जागी राहू देत नसे. खाली ओटीवर बाबा टीव्हीसमोर, माजघराच्या दारात आई, खिडकीत मी. "आलं?" "आलं, आलं... गेलं! दादा, जरा समुद्राकडे!" १९८७ साल. मी तिसरीत, दादा आठवीत. लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि त्याच्या पडद्यावर बाबांनी हौसेने बसवलेली निळी काच. दूरदर्शनवरची 'मालगुडी डेज' मी त्या निळ्या काचेतून पाहिली. पुढे रंगीत पाहिली तेव्हा कोणीतरी फसवल्यासारखं वाटलं, कारण माझ्या डोक्यात स्वामीचा, म्हणजे त्यातल्या शाळकरी नायकाचा, सदरा निळाच होता.

तेव्हापासून ती मालिका मी किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, आता मोबाइल. एल. वैद्यनाथन यांची ती सुरुवातीची 'ता ना ना' धून माझी रिंगटोन आहे, आणि बँकेत ती वाजली की काउंटरपलीकडचे पन्नाशीचे गिऱ्हाईक हमखास मान वर करतात. तेवढ्यावरून माणसाचं वय कळतं.

दादा पुढे बोटीवर गेला, मग आखातात. गेल्या वर्षी कायमचा परतला. जुलैमध्ये सहज म्हणून त्याला म्हटलं, कर्नाटकात आगुंब्याला जाते आहे, जिथे ती मालिका चित्रित झाली तिथे. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "तिकिटं काढ दोन."

रात्री मत्स्यगंधा पकडली, पहाटे उडुपीला उतरलो. इडली-वडा खाऊन मिनीबसने हेब्री, सोमेश्वर आणि मग घाट. या घाटाला चौदा नागमोडी वळणं आहेत आणि ती इतकी आवळलेली की मोठ्या बसचं तिथे काम नाही. ड्रायव्हर एका हाताने काच पुसत होता, दुसऱ्याने स्टिअरिंग. दादा वळणं मोजत होता. नवव्यानंतर डोळे मिटून बसला आणि मोजणी मला पुढे चालवायला सांगितली.

आगुंब्यात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या दुपटीहून जास्त. पावसाच्या बाबतीत कोकणी माणसाला एक गुर्मी असते. ती माझी बसमधून उतरल्यापासून दहा मिनिटांत उतरली. छत्री कामाची नाही, रेनकोटही नाही, कारण पाऊस खालूनही येतो. इथला सूर्यास्त प्रसिद्ध आहे, अरबी समुद्रापर्यंत दिसतो म्हणतात. आम्हाला समोरचं वडाचं झाड दिसलं तेवढं पुरे. चूक माझीच. फॅन माणूस फोटो बघून जातो, पंचांग बघून नाही. मूळ गोष्टींचे लेखक आर. के. नारायण यांनी १९३० साली कल्पनेत उभं केलेलं मालगुडी कोरडं, उन्हाचं, धुळीच्या मार्केट रोडचं गाव आहे. त्यासाठी मालिकेचे दिग्दर्शक शंकर नाग यांनी हे शेवाळी गाव निवडलं. मालिकेतलं ते सोनेरी ऊन त्यांनी इथे कसं गाठलं असेल, हा प्रश्न मला त्या चिखलात उभी असताना पहिल्यांदा पडला.

शंकर नाग मूळचे होन्नावरकडचे. कन्नड सिनेमात जाण्याआधी त्यांची उमेदवारी झाली ती मुंबईत, मराठी रंगभूमीवर. स्वामीच्या वडिलांचं काम करणारे गिरीश कार्नाड जन्मले माथेरानला. शीर्षकाबरोबर येणारी ती रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची, आणि त्यांचा 'कॉमन मॅन' तर मुंबईचाच रहिवासी. हे सगळं मी दादाला वाटेत ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे निम्मं मालगुडी आपल्याकडचंच." मी म्हटलं, असं इथे मोठ्याने बोलू नको.

स्वामीचं घर म्हणजे 'दोड्डमने', मराठीत थोरलं घर. शंभरीच्या पलीकडचं, लाकडी खांबांचं. आत शिरलो आणि दादा उंबऱ्यातच थांबला. मधला चौक उघडा, चारी बाजूंच्या कौलांवरून पाणी धारांनी चौकात पडत होतं, भोवतीच्या सोप्यात चपला आणि ओले पंचे. खांबांना हात लागून लागून छातीच्या उंचीवर एक काळा तुकतुकीत पट्टा तयार झालेला. आमच्या जुन्या घरात माजघराच्या दाराला अगदी असाच होता, फक्त कमरेच्या उंचीवर, कारण आमच्याकडे दार ठेंगणं होतं. घरातल्या बाई "बन्नी, बन्नी", म्हणजे या, या, म्हणत बाहेर आल्या आणि हातात कषाय ठेवलं. धणे-जिऱ्याचं, गुळाचं, दूध घातलेलं. आमचा काढा आजारी माणसाला देतात. हा निरोगी माणसाने मागून प्यावा असा.

मी लगेच कामाला लागले. मोबाइलवर प्रसंग लावायचा, थांबवायचा आणि समोरच्या भिंतीशी ताडून बघायचा. इथे आजी बसायची, इथून स्वामी पळायचा. घरच्यांना या वेडाची सवय आहे. कुठून उभं राहिलं की फोटो बरोबर येतो, हे त्यांच्यातल्या एका मुलाने न विचारता दाखवलं.

दादा मात्र मोबाइलकडे बघत नव्हता. तो विचारत होता. "चोर कुठून शिरला गो? त्याला चावला ना स्वामी?" वडील स्वामीला एकटं झोपायला लावतात, तो भीतीने बाकाखाली दडतो आणि चोराच्या पायाचा कडकडून चावा घेतो, तो भाग. मी विचारलं, तू कधी बघितलास?

"बघितला कुठे? किंकाळी ऐकली. मग तुम्ही सगळे हसलात. मला वाटलं, आता उतरावं, तर बाबा ओरडले, 'हलू नको, मस्त आलंय!'"

इतक्या वर्षांत हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. चित्र चांगलं आलं की दादाने हलायचं नाही, आणि वाईट आलं की फिरवायचं. दोन्हीकडून तो वरच. धून त्याला माझ्याहून चांगली पाठ आहे, कुठे बासरी येते तेही. चेहरे माहीत नाहीत. "मग नंतर मोबाइलवर का नाही पाहिलीस?" तर म्हणे, "जहाजावर नेट कुठे होतं. आणि नंतर राहिलंच."

रात्री केळीच्या पानावर जेवण झालं. सार, भात, एक आंबट-गोड लोणचं. "ऊटा आयता?", जेवण झालं का, असं घरातला प्रत्येक जण येऊन विचारून गेला. दादाच्या पोटरीला जळू लागली होती, ती जेवता जेवता टपकन खाली पडली, टम्म फुगलेली. बाईंनी मीठ टाकून ती बाहेर नेली आणि काही घडलंच नाही अशा थाटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी गाडी करून तीर्थहळ्ळी, कोणंदूर, हुंचा, रिप्पनपेट. हुंच्याला जैनांच्या पद्मावती देवीच्या दर्शनाला आलेल्या सांगलीच्या नंबरप्लेटच्या दोन गाड्या दिसल्या आणि उगाचच हात हलवला गेला. तिथून पुढे अरसाळू. शिवमोगा ते ताळगुप्पा मार्गावरचं हे लहानसं स्टेशन मालिकेत मालगुडीचं स्टेशन झालं होतं. तेव्हा इथे मीटरगेज होती. आता रूळ रुंद झाले. जुन्या स्टेशनच्या इमारतीत काही वर्षांपूर्वी रेल्वेने मालगुडीचं संग्रहालय केलं, आणि त्याची मांडणी केली ती जॉन देवराज यांनी, म्हणजे मालिकेच्याच कलादिग्दर्शकाने. आत चित्रं, पुतळे. खरं सांगायचं तर पुतळ्यांपेक्षा मला ती इमारत बघायला जास्त आवडली. कौलारू, बुटकी, खिडक्यांना जाळी. शंकर नाग यांचा फोटो पाहून मात्र थबकायला झालं. ३० सप्टेंबर १९९० ला दावणगिरीजवळ मोटार अपघातात ते गेले, तेव्हा छत्तिशीही पूर्ण नव्हती. माझ्या भाच्याएवढं वय.

बाहेर जुन्या डब्यात चहाची सोय आहे. पाऊस थोडा थांबला होता. दादा फलाटावर जाऊन उभा राहिला, पेला हातात.

"इथे काय झालं होतं?"

"स्वामीचा मित्र राजम. त्यांचं भांडण झालेलं असतं. वडिलांची बदली होते आणि तो गाव सोडून निघतो. स्वामी त्याला द्यायला गोष्टीचं पुस्तक घेऊन धावत येतो."

"मग बोलतात?"

"गाडी सुटते. पुस्तक कसंबसं मणीच्या, त्यांच्या दुसऱ्या मित्राच्या, हातून खिडकीत पोचतं. राजम काहीतरी पुटपुटतो, पण गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही. स्वामी मणीला विचारत राहतो, काय म्हणाला, काय म्हणाला?"

"काय म्हणाला?"

"मणी म्हणतो, तुझा पत्ता विचारला. पण खरं की खोटं, कळत नाही."

दादा रुळांकडे बघत राहिला. पेल्यातला उरलेला चहा त्याने फलाटाच्या कडेला ओतला.

"त्या दिवशी फार वारा होता," तो म्हणाला, आणि चहाचे पैसे द्यायला गेला.