कंठ फुटला तो दिवस

मुलगा वीस वर्षांचा. दाढीमिशी आलेली, पोलीस भरतीच्या तयारीमुळे अंग कमावलेलं, आणि आवाज मात्र पाचवीतल्या पोराचा. बार्शीकडच्या एका खेड्यातून वडिलांबरोबर माझ्याकडे वाचा-उपचारासाठी आला होता. मी विचारायची त्याला, उत्तर द्यायचे वडील. ‘‘मॅडम, फोन उचलला की समोरचा ताई म्हणतो ह्याला. आता बोलायचंच सोडलंय यानं.’’

हार्मोनच्या तपासण्या झाल्या होत्या, काही दोष नव्हता. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं होतं. स्वरयंत्राची वाढ पूर्ण, स्वरतंतू निरोगी. चिठ्ठीवर निदान होतं, प्युबरफोनिया. वयात येताना मुलांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. याचं स्वरयंत्र वाढलं, बोलायची सवय तेवढी जुनीच राहिली. स्वरयंत्र वर ओढून, स्वरतंतू ताणूनच तो बोलत होता. प्रौढ पुरुषाचा बोलण्याचा स्वर बहुधा १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो. संगणकावर याचा २३० दिसत होता. गावातल्या कित्येक मुलांना यासाठी वर्षानुवर्षं चिडवलं जातं आणि उपचार आहे हे कुणी सांगतच नाही, याचा मला फार त्रास होतो.

मी त्याला खोकायला सांगितलं. खोकला भरदार, घोगरा निघाला. मला तेच ऐकायचं होतं.

‘‘पुन्हा खोक, आणि त्यालाच जोडून आ म्हण.’’

आ वर निसटला. मग मी त्याचा कंठमणी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हलकेच खाली दाबला. ‘‘आता.’’

खर्जातला, जाड आ आला. पडद्यावरची रेघ १२०च्या खाली गेली. वडील खुर्चीतून उठलेच. मुलगा मात्र घाबरून माझ्याकडे बघत राहिला.

तिथून पुढे सावकाश गेलो. हुंकार, मग स्वर, मग आकडे, मग वार. बोट काढलं की ‘सोमवार’ खाली राहायचा आणि ‘मंगळवार’ टुणकन वर जायचा. वार जमल्यावर मी त्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तो म्हणाला, ‘‘हा माझा वाटत नाही. पोरं म्हणतील, नाटक करतोय.’’

आवाज काही मिनिटांत सापडतो. तो आपला मानायलाच वेळ लागतो. म्हणून आधी अनोळखी माणसांशी बोलायचं, मग घरात, मित्र सगळ्यांत शेवटी, असं ठरवलं. पहिला फोन माझ्यासमोरच, कृषी सेवा केंद्राला.

‘‘युरिया आलाय का?’’

‘‘उद्या येणारे, दादा.’’

फोन ठेवल्यावर तो हसला, आणि हसू पुन्हा जुन्या बारीक आवाजातलं होतं. मी वडिलांना बजावलं, पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव’ म्हणायचं नाही. रोज पेपर मोठ्यानं वाचायचा, दर आठवड्याला यायचं. पुढच्या खेपेला वाचन पक्कं होतं. राग आला आणि हसू आलं की मात्र आवाज सुटत होता. मग त्यावरच काम सुरू केलं.